पडद्यावरची हळद

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. लपवून उपयोग नाही, पुढं कळणारच. सोलापुरात भवानी पेठेत आमचं घर, पुढच्या खोलीत माझा कंप्युटर. लग्नाचे अल्बम तयार करायचे, जुने फाटके फोटो दुरुस्त करायचे, गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीला लावायला मोठे करून द्यायचे, हा माझा धंदा. रंगाच्या बाबतीत मी फार खवट. कुणाच्या शालूचा मोरपंखी जरा निळा पडला की मला जेवण गोड लागत नाही. आमचे हे म्हणतात, हिला माझ्या अंगातला ताप कळणार नाही, पण पडद्यावरच्या नवरीचा गाल किंचित लालसर झाला की लगेच कळेल. खोटं नाही ते.

एवढं असून माझ्या आयचा एक धड फोटो माझ्याकडे नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझं माहेर सांगोल्याकडचं. आबांची मेंढरं, शेरडं, थोडी डाळिंबाची झाडं. मी मोबाईल वर केला की आय पदर नाकापर्यंत ओढायची आणि म्हणायची, "माझं काय काढतीस? त्या करडाचं काढ, कसं उड्या मारतंय बघ की." त्यामुळं माझ्या फोनमध्ये करडांचे फोटो ढीगभर, आणि आयचे म्हणाल तर पदर, नाक आणि अर्धा डोळा. आधार कार्डावरचा फोटो बघून तर तिची स्वतःची शेळीसुद्धा तिच्याजवळ आली नसती.

आय पौषात गेली. पुढच्या पौषात वर्षश्राद्ध, त्याआधी आबांचा फोन आला. "तिचा एक फोटू करून आन. भितीला लावू. खिळा मारून ठिवलाय."

खिळा मारून ठेवलाय म्हटल्यावर काय बोलणार? मी शोधाशोध सुरू केली. मामाच्या घरच्या एका जुन्या लग्नाच्या फोटोत आय सापडली. बायकांच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला उभी, हिरवं लुगडं नेसलेली, काखेत कुणाचं तरी लेकरू. त्या लेकरामुळं पदर ओढायला हात मोकळा राहिला नव्हता, म्हणून तेवढं एकदा तिचं तोंड कॅमेऱ्याला सापडलं. मी त्या लेकराचे उपकार मानते. आता कुठं असेल ते, कोण असेल, मला माहीत नाही.

फोटो लालसर-पिवळा पडलेला होता. जुने रंगीत फोटो असेच होतात, आणि तो रंग आधी काढून टाकायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं काम. नेहमीप्रमाणं मी तो काढला, चिरा भरल्या, आयला रांगेतून वेगळी केली, मागं साधी फिकट भिंत दिली. पडद्यावर आय छान दिसायला लागली. गव्हाळ, टवटवीत, जरा हसरी. मी कामावर खूश होते. सासूबाई मागं पलंगावर बसून लसूण सोलत होत्या, त्यापण म्हणाल्या, "जिवंत वाटतीया की गं." फोटो छापून आणला, चौकट केली, वर्षश्राद्धाला सांगोल्याला नेला. गर्दी होती, फोटोला हार होता, घरात उजेड कमी. सगळ्यांनी नावाजला. आबा काहीच बोलले नाहीत, पण आबा कधीच काही बोलत नाहीत, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

फाल्गुनात परत माहेरी गेले तर खिळा रिकामा.

आबा अंगणात बसून एका अशक्त करडाला बाटलीनं दूध पाजत होते.

"आबा, फोटो कुठाय?"

"हाय की."

"कुठं?"

"पेटीत."

पेटी उघडली. फोटो आयच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. तेच लुगडं, फोटोतलं. माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, मी एवढी मरमर करून फोटो केला, सगळ्या पाहुण्यांनी चांगला म्हटला, आणि तुम्ही तो पेटीत घालून ठेवला? आवडला नव्हता तर तोंडानं सांगायचं होतं. माझं बोलणं संपेपर्यंत आबांनी करडाला दूध पाजून घेतलं. मग म्हणाले, "चांगला हाय गं फोटू. पर ती न्हाय ती."

"मग कोण आहे?"

"हाय कुणीतरी. देखनी बाई हाय."

मी आणखी काही बोलणार होते. पण आबा करडाच्या पाठीवरनं हात फिरवत खाली बघत म्हणाले, "तुला खरं सांगू का? मला तिचं तोंड आठवंना झालंय. आदी डोळं मिटलं की दिसायची. हितं चुलीपाशी, तितं मेंढरांपाशी. फोटू लावला, येता जाता बघाय लागलो. आन मंग डोळं मिटलं की ह्यो फोटूच याय लागला. ती येईना. म्हनून ठिवला पेटीत. म्हनलं, ह्या बाईनं आमच्या बाईला हाकलून दिलं तर काय करू मी?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी गोठ्यामागं जाऊन उभी राहिले आणि डोळे मिटून बघितलं. मला काय दिसलं? फोटोच दिसला. मी केलेला, फिकट भिंत मागं असलेला. आयचं तोंड आठवायला गेले की तोच मधे येऊन उभा राहायचा. मग मी रडले. आय गेली त्या दिवशी लोकांत होते, रडायला जमलं नव्हतं. त्या दिवशी गोठ्यामागं सगळं रडून घेतलं. माणूस गेलं ते गेलंच, पण त्याचं तोंडही आपल्याच हातानं घालवायचं म्हणजे काय? येताना मी फोटो आणि लुगडं दोन्ही पिशवीत घालून सोलापूरला आणलं. आबांना म्हटलं, मी परत करते. आबा म्हणाले, "बघ. जमलं तर बघ."

घरी आल्यावर फोटो दारात, उन्हाच्या उजेडात धरला. खरंच की. आयचं तोंड राखेगत दिसत होतं, ओठांभोवती निळसर झाक. तीच फाइल पडद्यावर उघडली तर आय गव्हाळ आणि टवटवीत. म्हणजे चूक छापणाऱ्याची, असं मी लगेच ठरवलं. मला ठरवायला वेळ लागत नाही. पदर खोचून त्याच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं. बिचारा शांत माणूस. म्हणाला, "दीदी, मशीन तो सबका एकच है. तुमच्या फाइलमधेच निळं हाय की." त्यानं त्याच्या पडद्यावर फाइल उघडून दाखवली. निळसर. राखेसारखी. मग त्यानं जरा भीत भीत सांगितलं की दिवाळीपासून तुमच्याकडनं आलेल्या काही फोटोंत असंच होतंय, पण तुम्हाला कोण सांगणार? मी काही न बोलता घरी आले. आमच्या घरी हे क्वचित घडतं, त्यामुळं सासूबाईंनी विचारलं, "बरं न्हाय का तुला?"

मॉनिटर तपासायची रीत सोपी आहे, पण ती करायला धीर लागतो. आधी तो अर्धा तास चालू ठेवायचा, तापू द्यायचा. खिडकीला चादर लावून खोलीतला उजेड कमी करायचा. मग पडदा पुसून, समोर नीट बसून, पूर्ण पडद्यावर एकच रंग लावायचा. पांढरा, मग काळा, मग राखाडी. राखाडी सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्यावर ना चित्र, ना अक्षर, नजरेला रमायला काहीच नाही, म्हणून तिथं खोट दडत नाही. नवऱ्या, फुलं, डोंगर लावले तर कुठलाही पडदा चांगला दिसतो. आणि आपला डोळा मोठा लबाड. पिवळट पडद्याकडे बघत बसलं की थोड्या वेळानं तोच त्याला पांढरा वाटायला लागतो. म्हणून मधेमधे उठून यायचं, तोंडावर पाणी मारायचं, परत बघायचं. मी हे दुसऱ्यांना दहादा शिकवलेलं आहे. स्वतःचा मॉनिटर मात्र घेतला त्या दिवशी एकदा तपासला, त्यानंतर कधी नाही.

राखाडी लावला आणि बघत बसले. उजवीकडे राखाडी. मधे राखाडी. खाली डावीकडे यायला लागलं तसा तो पिवळा होत गेला, आणि कोपऱ्यात तर हळद घातलेल्या दुधासारखा. एक लहान राखाडी चौकोन केला आणि माऊसनं उजवीकडून डावीकडे ओढत नेला. कोपऱ्यात पोचेपर्यंत तो चौकोन पिवळा. परत उजवीकडे आणला, राखाडी. माझी सगळी हत्यारं, म्हणजे ब्रश आणि रंगांच्या पट्ट्या, पडद्यावर उजव्या बाजूला मांडलेली असतात, त्यामुळं चेहरा मोठा करून काम करायचं तर तो डावीकडेच येतो. आयचा चेहरा मी त्या पिवळ्या कोपऱ्यात ठेवून आठवडाभर काम केलं होतं. तो पिवळा दिसतोय म्हणून काढत गेले, काढत गेले. पडद्यावर ती गव्हाळ झाली तेव्हा खरी निळी पडलेली होती. दिवाळीनंतर एका नवरीची मावशी मेंदी निळी आली म्हणून भांडायला आली होती, तिला मी चष्मा तपासून घ्यायला सांगितलं होतं.

पण कोपरा पिवळा झाला कशानं? मी मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर बोट फिरवलं. फटीत काहीतरी वाळून बसलं होतं. नखानं कोरून काढलं, तर हळद.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना माझ्या आधी कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कात्री, ह्यांची मोटरसायकल, माझा कंप्युटर. सासूबाई दरवर्षी मॉनिटरला हळदीकुंकवाची बोटं लावतात, झेंडूची माळ घालतात, ओवाळतात. कोरडी हळद त्या गुळगुळीत प्लास्टिकवर टिकत नाही, खाली गळून पडते, आणि ते त्यांना बरं वाटायचं नाही. म्हणून गेल्या खंडेनवमीला त्यांनी हळद पाण्यात चांगली पातळ कालवली, आणि खालच्या पट्टीवर डाव्या बाजूनं पाच बोटं ओढली. पाणी फटीतनं आत गेलं, पडद्यामागच्या थरांत शिरलं, आणि हळद घेऊन हळूहळू वर चढत बसलं. रोज इतकं थोडं की रोज बघणाऱ्या डोळ्याला कळू नये.

"म्या केलं व्हय गं हे?" सासूबाई म्हणाल्या. "ज्येच्यावर घर चालतं, त्येलाच म्या ओवाळून ठार केलं."

इतर वेळी मी तोंड सोडलं असतं. पण त्या पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या, आणि तो पिवळा कोपरा बघून त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी राग गिळला. मी म्हटलं, "अहो, देवानं खाल्ली हळद, दुसरं काय?" त्या हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या पुढच्या खोलीत पलंगावर येऊन बसल्या नाहीत. लसूणही आत स्वयंपाकघरात सोलायला लागल्या.

नवा मॉनिटर घ्यायला मी आणि आमचे हे बाजारात गेलो. दुकानात एका ओळीत पडदे मांडलेले, सगळ्यांवर समुद्रातले मासे. निळं पाणी, केशरी मासे, डोळे दिपून जावेत असं. दुकानदार म्हणाला, "बघा मॅडम, काय रंग आहेत." मी म्हटलं, मासे बंद करा आणि राखाडी लावा. त्याला वाटलं मी चेष्टा करते. मी पेन ड्राइव्हवर रंग घेऊनच गेले होते. दिवे कमी करायला लावले, खुर्ची मागितली, आणि एकेका पडद्यासमोर जाऊन बसले. पहिल्याचा वरचा कोपरा काळ्या रंगातही उजळ, जणू मागं कुणी बॅटरी धरलीय. दुसरा समोरून चांगला, पण मान जरा वाकडी केली की फिका. तिसरा एका बाजूनं गुलाबी. दुकानदार ह्यांना हळूच म्हणाला, "लोक येतात, पिक्चर लावून बघतात. वहिनी एक तास झाला भिंत बघतायत." आमचे हे म्हणाले, "घरी तर रोजचंच आहे." चौथा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा निघाला. चौकोन कुठंही न्या, राखाडीच. मी तो उचलला.

चैत्र संपता संपता आबा आले. त्यांना मीच बोलावलं होतं. आयचं तोंड कसं होतं ते सांगायला मला दुसरं कोण होतं? सकाळच्या एसटीनं आले, संध्याकाळच्या गाडीनं जायचं म्हणून येतानाच सांगितलं. शेरडं शेजाऱ्याच्या भरवशावर होती. सासूबाईंच्या खोकल्यासाठी बाटलीत शेळीचं दूध आणलं होतं. ऊन मी म्हणत होतं. मी खिडकीला चादर लावलेली, पंखा घरघरत होता, आणि आबा टोपी काढून मांडीवर ठेवून मॉनिटरसमोर ताठ बसले, तलाठ्यासमोर बसल्यासारखे.

मी जुना मॉनिटर टाकला नव्हता. नव्याच्या डाव्या हाताला तोही जोडून ठेवला होता, बारीकसारीक कामाला. फोटोचं काम मी मुळापासून परत केलं होतं, नव्या पडद्यावर. या वेळी माझ्याकडे लुगडं होतं. ते खुर्चीच्या पाठीवर उजेडात पसरलं आणि फोटोतला हिरवा त्याच्याशी जुळवला. हिरवा जुळला म्हणजे बाकीचे रंगही जागेवर येतात. चेहऱ्यावर तरी थोडा पिवळा उरला होता, तो वेगळा काढला.

"बघा आबा."

आबांनी बघितलं. बराच वेळ. मग उठून लुगड्याला हात लावून आले.

"लुगडं तिचंच हाय."

"आणि तोंड?"

"बरं हाय."

मला आबांचं 'बरं हाय' ओळखता येतं. बाजारात जी मेंढी घ्यायची नसते, तिला ते असंच "बरी हाय" म्हणतात आणि पुढं सरकतात.

मी म्हटलं, काय कमी आहे ते सांगा. नाक? डोळे? रंग काळा हवा, गोरा हवा? आबा म्हणाले, "आगं, मला आठवत असतं तर सांगितलं न्हवं का?" आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. माझ्या हातात माऊस होता. जुन्या आणि नव्या पडद्यात किती फरक आहे ते त्यांना दाखवावं, तेवढंच त्यांचं मन दुसरीकडे जाईल, म्हणून मी फोटो धरला आणि डावीकडे ओढत नेला. नव्या पडद्यावरून जुन्यावर. "हे बघा आबा, इथं सासूबाईंची हळद आत शिरली, म्हणून तुमचा फोटो बिघडला," असं सांगत सांगत आयचा चेहरा खाली डाव्या कोपऱ्यात नेला. तो पिवळा झाला.

"थांब," आबा म्हणाले.

मी थांबले.

"हलवू नगंस. ही. हीच."

मी आबांकडे बघितलं, मग पडद्याकडे. आणि मलाही ती दिसली.

"हळद चोळायची की ती," आबा म्हणाले. "आंघोळ झाली की तोंडाला. दिसभर मेंढरांमागं उनात हिंडायची, उन्हानं तोंड करपू नये म्हनून. बाजारादिवशी तर लई. म्या म्हनायचो, नवरी हायस व्हय अजून? तर म्हनायची, तुमी नवरदेव न्हाई राह्यला, आमी काय करू?"

मला कसं आठवलं नव्हतं हे? आयच्या पोलक्याचा गळा पिवळा असायचा. तिच्या उशाशी गोधडीचा काठ पिवळा. लहानपणी ती माझी पापी घ्यायची तेव्हा माझा गाल पिवळा व्हायचा आणि शाळेत पोरी हसायच्या. मामाच्या घरी लग्नाला गेली त्या दिवशीही चोळूनच गेली असणार. जुन्या फोटोत ती हळद होती. मी ती फोटोचा डाग समजून पुसली. पहिल्या वेळी पुसली, आणि नव्या चांगल्या मॉनिटरवर तर आणखी नीट, अगदी कोपरा न कोपरा पुसली. मी ते आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "तुला काय ठावं? तुला वाटलं जुनं झालंय."

मग कामाला बसले. फोटो नव्या पडद्यावर घेतला आणि नुसत्या चेहऱ्यावर पिवळा परत घालायला लागले. जुन्या कोपऱ्यात एक प्रत बघायला ठेवली. आबा सांगत होते. "आनिक. आनिक जरा. आगं लई झालं, कावीळ झाल्यागत दिसतीया." कमी केलं. काहीतरी चुकत होतं, चेहरा रंगवल्यासारखा, सोंगातला वाटत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "सगळीकडं सारखी न्हाई बसत ती." सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. इतक्या दिवसांनी पुढच्या खोलीत आल्या होत्या. "कपाळावर कमी लाव, घामानं जाती. गालावर राहती. आन कानाच्या पाळीपाशी जास्त, तितं कुनी नीट पुसत न्हाई. आमी लावलीया की जन्मभर." मी त्या सांगतील तसं करत गेले. आत्तापर्यंत मी पडदा सगळीकडे एकसारखा असावा म्हणून जीव टाकत आले होते, आणि आता सासूबाई मला हळद कशी कमीजास्त असावी ते शिकवत होत्या. नाकाच्या कडेला थोडी. हनुवटीखाली एक पुसट पट्टा. पाळीपाशी दाट.

माऊसवरचं बोट उचललं आणि खुर्ची मागं घेतली. आबा पुढं सरकले. टोपी मांडीवरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"काय गं," ते पडद्याकडे बघून म्हणाले, "कुटं व्हतीस इतकं दिस?"

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. मी तिथंच बसून रडले, आबांसमोरच, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच बसले. चहा आल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "इनबाई, तुमच्या हळदीनं सापडली बघा आमची." सासूबाई म्हणाल्या, "म्या कंप्युटर मारला ओ, पावनं." आबा म्हणाले, "मरू द्या की. कामाला तर आला."

फोटो छापायला दिला तेव्हा दुकानवाल्याचा फोन आला. "दीदी, चेहरा थोडा पिवळा वाटतोय. कमी करून देऊ?" त्या माणसाची मी आधीच माफी मागितलेली होती, म्हणून आवाज शक्य तितका गोड ठेवला. म्हटलं, त्याला हात लावलास तर बघ. फोटो जसाच्या तसा आला. दारात उन्हात धरला, लुगड्याशेजारी. बरोबर होता. आमच्या ह्यांच्याबरोबर सांगोल्याला पाठवून दिला.

पुढच्या खंडेनवमीला सासूबाई ताट घेऊन नव्या मॉनिटरसमोर उभ्या राहिल्या आणि तिथंच घुटमळल्या. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लावा की. त्या म्हणाल्या, "नगं बाई, फुल वाहते नुसतं." मी म्हटलं, "हळद लावा. कोरडी लावा. खाली पडली तर पडू द्या." त्यांनी एक बोट लावलं, अगदी कडेला, आणि लगेच दुसऱ्या बोटानं जरासं पुसून घेतलं. जुन्याला मात्र त्यांनी मनसोक्त पाच बोटं ओढली. त्याचं आता काय बिघडणार होतं?

त्याच दिवशी दुपारी मी आबांना फोन केला. शेरडांचा आवाज येत होता. पाऊसपाण्याचं, करडांचं विचारून झालं. मग विचारलं, "फोटो लावलाय ना भिंतीवर? का परत पेटीत?"

"लावलाय की. खिळ्याला हाय."

"बघता का रोज?"

"लई न्हाय बघत."

मी म्हटलं, "का हो? परत ती नाही वाटत?"

"तसं न्हवं गं," आबा म्हणाले. "गरज पडत न्हाय आता. डोळं मिटलं की येती."